पान चौऱ्याहत्तर

सरांनी माझ्या प्रबंधातून चौथं प्रकरण उपसून टेबलाच्या कडेला ठेवलं आणि म्हणाले, एवढं वगळ, बाकीच्यावर आत्ता सही करतो. सर माझे मार्गदर्शक. त्यांच्या सहीशिवाय पदवी नाही आणि शाळेच्या पुस्तकांवरून पेटलेल्या वादांमागे मी सहा वर्षं घातली होती.

चौथं प्रकरण एकाच धड्यावर होतं. सफाई कामगारांच्या संपाचा धडा, सातवीच्या पुस्तकातला. वीस वर्षांपूर्वी त्यावरून गदारोळ झाला, तीनशे पालकांची पत्रं आली, पुस्तक मागे घेतलं गेलं. धडा लिहिणाऱ्या शिक्षिकेची नोकरी गेली. ती माझी मावशी. हे मी प्रस्तावनेतच लिहून टाकलंय, उगाच कुणी कुजबुजायला नको.

ती पत्रं मी दफ्तरखान्यात शिंकत शिंकत वाचली. झाडून सगळ्यांनी लिहिलं होतं, पान चौऱ्याहत्तर. मुलांच्या पुस्तकात तर धडा अडुसष्टाव्या पानावर. चौऱ्याहत्तरावर तो फक्त कच्च्या छपाईत होता, नंतर धड्याआधीची चित्रांची सहा पानं गळली. कच्च्या प्रती दोनच होत्या. एक मावशीकडे, दुसरी पुस्तक समितीच्या अध्यक्षांकडे. अध्यक्ष म्हणजे आमचे सर. आतली माहिती मिळेल म्हणून तर मी त्यांच्याकडे आले होते. मिळाली.

सरांनी चहा मागवला. माझ्या पुढच्या नोकरीची काळजी केली. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "लोक चिडणारच होते गं. मी फक्त थोडं आधी चिडू दिलं."

मला इतका संताप आला की कप खाली ठेवताना बशी वाजली. मावशी अजून घरी शिकवण्या घेते आणि त्या गोष्टीचं नाव काढलं की स्वयंपाकघरात निघून जाते.

मी चौथं प्रकरण उचलून परत जागेवर लावलं. सही करू नका म्हटलं, पण प्रबंधाच्या अर्जावर नकाराच्या कारणाचा रकाना आहे, तो भरा. तो आजवर कुणी भरलेला मी पाहिला नव्हता. विद्यार्थी त्याआधीच पान वगळून मोकळे होतात.

सरांनी पेन उघडलं, परत बंद केलं. मी खुर्ची पुढे ओढली. शेवटी त्यांनी लिहिलं, 'मजकूर आक्षेपार्ह'.

"पान क्रमांक लिहा सर," मी म्हणाले. "या वेळी बरोबर लिहा."