मी धाकूचा बेंजो, सुदेशचा नव्हे

मी बेंजो बोलतोय. लाकडाची पेटी, वर तारा आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या प्लास्टिकच्या तुकड्याने तारा छेडायच्या. ठाण्यापासून कल्याणपर्यंत माझ्याशिवाय हळद लागत नाही. तुम्हीही कधीतरी माझ्यावर नाचला असाल. पण मी आज कौतुक करून घ्यायला आलेलो नाही. मला एका माणसाचा सूड घ्यायचा होता आणि तो मी घेतला. कसा, ते ऐका.

मला विकत घेतलं कोपरीच्या धाकूने. त्याचे वडील मिठागरावर राबले, धाकू कारखान्यात लागला. तिथल्या फोरमनकडे तबकड्या वाजवायचं यंत्र होतं. एका रविवारी त्याच्याकडे धाकूने अमेरिकेतलं रॉक अँड रोल ऐकलं आणि घरी आला तो जेवलाच नाही. बायकोला म्हणाला, "रखमा, ही गानी मानसाला बसू देत नाय. आपले हलदीन अशी वाजली पायजेत." आठवड्याभरात त्याने जुन्या टेलिफोनमधलं लोहचुंबक माझ्या पोटात बसवलं आणि वायर लाऊडस्पीकरला जोडली. माझ्या पहिल्याच सुराला शेजारच्या कोंबड्या माळ्यावर चढल्या.

आवाज मोठा झाला, पण चाल जुनीच होती. खरं रॉक अँड रोल आलं ते अपघातातून. कारखान्यात प्रेसखाली धाकूच्या डाव्या हाताची, अंगठ्याजवळची दोन बोटं गेली. लोक म्हणाले, आता बेंजो विकून टाक. धाकूने पक्कड घेतली. माझ्या बटणांचे दांडे वाकवून त्याने सुरांच्या जागा बदलल्या, म्हणजे हवे ते सूर उरलेल्या दोन बोटांखाली यावेत. महिनाभर हेच चाललं होतं. तो वाकवायचा आणि रखमाबाई दाबून बघायची.

दोनच बोटं असल्यामुळे ती चालायची नाहीत, उड्या मारायची. सूर एकदम खालून वर जायचा, ताल उचकी लागल्यासारखा अडायचा. त्या उड्यांनी कोपरीपासून मानपाड्यापर्यंत माणसं वेडी केली. नवऱ्या मुलाच्या आजीलासुद्धा मी मांडवात नाचवलं आहे.

मानपाड्याचा सुदेश तेव्हा धाकूकडे शिकायला आला. रखमाबाईच्या हातच्या भाकऱ्या खाल्ल्या, धाकूच्या उड्या आपल्या धडधाकट हाताने उचलल्या आणि स्वतःची बेंजो पार्टी काढली. कॅसेट निघाली, तिच्यावर धाकूचं नाव नव्हतं. तेही सोडून दिलं असतं. पण पुढे चाळीस वर्षं विचारेल त्याला हा सांगत राहिला, "हळदीत रॉक अँड रोल मी आणलं. धाकू? तो माझी पेटी उचलायचा."

हे धाकूच्या कानावर आलं, तेव्हा तो म्हणाला, "जाऊ दे रं. चाल तर वाजते ना." त्या 'जाऊ दे'चा मला सुदेशपेक्षाही जास्त राग आला. माणसं याला मोठं मन म्हणतात. माझं मन लहान आहे, आणि मला त्याची लाज वाटत नाही. मी पलंगाखाली पडून वाट पाहत राहिलो. रखमाबाई दर दसऱ्याला मला पुसायची आणि म्हणायची, "एकदा तरी चारचौघांत यांचा नाव निघू दे." धाकू गेला, तोवर ते निघालं नव्हतं.

पहिल्या पुण्यतिथीला कोपरीच्या तरुण मंडळाने संध्याकाळी कार्यक्रम ठेवला. प्रमुख पाहुणा कोण, तर सुदेश! मंडळातल्या पोरांना जुनं काय ठाऊक, त्यांनी सगळ्यात गाजलेला बेंजोवाला बोलावला. स्टेजवर धाकूचा फोटो आणि शेजारी हार घातलेला मी. सुदेश माइकसमोर आला. वय पासष्ट, केस काळेभोर रंगवलेले. म्हणाला, "धाकूकाका साधा माणूस. माझी पेटी उचलायचे. त्यांना हौस होती, म्हणून हा बेंजो मीच माझ्या हाताने बनवून दिला."

चोराच्या उलट्या बोंबा, त्याही मेलेल्या माणसाच्या फोटोसमोर!

पहिल्या रांगेतून रखमाबाई उठली. तिने आवाज चढवला नाही. "तूच बनवलास ना, सुदेश? मंग वाजव."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला नाही म्हणायची सोय उरली नाही. शिकायला यायचा तेव्हा तो स्वतःचा बेंजो आणायचा, मला त्याने कधी हात लावला नव्हता. आणि वरून मी चारचौघांसारखाच दिसतो, वाकवलेले दांडे आत झाकलेले.

मी मुद्दाम काही केलं नाही, हे लक्षात घ्या. तार तोडली नाही की आवाज दाबला नाही. त्याने सा समजून बटण दाबलं, निघाला पंचम. त्याने चाल धरली आणि मी भांडणाऱ्या मांजरांसारखा ओरडलो. तो घामाघूम होऊन दुसरी बटणं दाबायला लागला, तसा मी आणखीनच बेसूर झालो. लाऊडस्पीकर चार होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मागून कुणीतरी ओरडलं, "काय काका, स्वतः बनवलेला ना? मग बटणं पण ओळखत नाय?" सगळं मैदान हसलं. खोटं कशाला बोलू, इतकं गोड मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही.

मग रखमाबाई स्टेजवर आली. डाव्या हाताची दोन बोटं दुमडून तिने उरलेल्या दोन बोटांनी चाल वाजवली. ऐंशीला टेकलेली बाई, ताल दोनदा चुकला. पण पहिल्याच उडीला मागची म्हातारी माणसं खुर्च्यांवरून उठली. "अरं, हा तर धाकूचा हात! धाकूचा!" चारचौघांत नाव निघालं. सुदेश चपला न घालताच निघून गेला म्हणतात. मी पाहिलं नाही, मी वाजत होतो.

गोष्ट इथे संपली असती तर मी सुखी झालो असतो. पण चौथ्या दिवशी सुदेश घरी आला आणि रखमाबाईच्या पायाशी बसला. "काकी, चुकलो. तुमच्यानंतर हा कोण वाजवणार? मला ती बटणं शिकवा." हाकलून दे, हाकलून दे, असं माझी तार न् तार म्हणत होती. तिने त्याला चहा दिला! मग शिवणाच्या डब्यातून कापडाची पट्टी काढली आणि त्याची दोन बोटं तळहाताशी करकचून बांधली. "आता शीक. आनि रोज बसताना पयला नाव त्यांचा घे."

तीन महिने झाले, तो मानपाड्याहून रोज दुपारी येतो. त्याची बोटं सुजतात आणि मला आनंद होतो. त्याची एकेक चूक मी शेजारी ऐकू जाईल अशी वाजवतो. परवा मात्र त्याच्या हातून धाकूची चाल पहिल्यांदा सबंध निघाली. रखमाबाईने डोळ्यांना पदर लावला. ती माफ करून मोकळी झाली, मी झालेलो नाही. मला स्वतःचाच संताप आला. त्याच्या हाताखाली सुरेल वाजायचं नाही असं मी ठरवलं होतं आणि तरी मी वाजलो.

आता या हंगामात सुदेश मला घेऊन हळदीला उभा राहणार आहे. रखमाबाईने परवानगी दिली, मला कुणी विचारलं नाही. म्हणून तुम्हाला एक विनंती. चाल सुरू करण्याआधी त्याने माइकवर धाकूचं नाव घेतलं का, तेवढं कान देऊन ऐका. घेतलं तर खुशाल नाचा. नाही घेतलं, तर मी कितीही चांगला वाजलो तरी एकानेही पाय उचलू नका. बेंजोवाल्याला याहून मोठी शिक्षा नाही. ती द्यायला मला पाय नाहीत, तुम्हाला आहेत.