उलकान आजीचं कोरं मत

अंथरुणाला खिळलेल्या उलकान आजीकडे आम्ही मतपेटी घेऊन गेलो. आमच्या किर्गिझ खेड्यात कम्युनिस्ट पक्षाचा निरीक्षक म्हणून मीच एकटा उरलोय. आजी पक्षाची जन्माची मतदार. तिनं मतपत्रिकेची घडी घातली आणि कोरीच पेटीत टाकली.

"अगं आजी, खूण कुठंय?"

"खूण कशाला? सोव्हिएत काळापासून अशीच टाकतेय. एकच तर नाव असतं! पक्ष नको असेल त्यानं खोडावं."

आता बारा नावं असतात, हे मी तीन निवडणुका घसा फोडून सांगतोय. ऐकेल तर शपथ.

संध्याकाळी मोजणी झाली. आमच्या मतांपेक्षा कोरे कागदच जास्त निघाले.

मी घरी परतताना आजीनं खिडकीलगतच्या अंथरुणातूनच हाक मारून विचारलं, "जिंकलो ना रे?"

"जिंकलो, आजी. नेहमीसारखेच."