प्रभुभोजनाचा पाव

आमच्या मंडळीत गर्वाइतकं मोठं पाप नाही, त्यामुळे नम्रतेची चढाओढ फार जोरात चालते. उपासना संपली की जेवणाच्या टेबलांवर घरोघरचे पाव येतात, आणि पाव ठेवताना प्रत्येक बाई ठरलेलं वाक्य म्हणते. "या वेळी काही फुगलाच नाही बाई." मग शेजारणीने म्हणायचं, "छे गं, माझा बघ, नुसता दगड झालाय. तुझा त्यापुढे कापूस." दोन्ही पाव चांगले असतात, हे दोघींनाही ठाऊक असतं. माझं नाव मलिंडा श्लाबाख, वय अठ्ठावन्न, लग्न केलेलं नाही, आणि चाळीस वर्षं मी पाव भाजते. मी माझा पाव टेबलावर ठेवते आणि गप्प बसते. माझा पाव चांगला होतो. तो वाईट झालाय असं म्हणणं म्हणजे खोटं बोलणं, आणि खोटं बोलण्याला नम्रता म्हणतात हे मला कुठल्याच प्रवचनात सापडलेलं नाही.

या खेळात सगळ्यांत पुढे ड्रुसिला, मंडळीत बिशपच्या हाताखाली काम पाहणाऱ्या डीकन एबनरची बायको. ती आणि मी एकाच शरद ऋतूत जन्मलो, ती माझ्याआधी अकरा दिवस. उपासनेला बायका वयाच्या क्रमाने बसतात, म्हणून लहानपणापासून एक रविवार सोडून एक रविवार, पाठ नसलेल्या बाकावर तीन-तीन तास, ड्रुसिलाचं कोपर माझ्या बरगडीत असतं. प्रवचनात कुठे उसासा टाकायचा म्हणजे तो बिशपपर्यंत पोहोचतो, हे तिला पक्कं माहीत आहे. आणि डीकनची बायको म्हणून वसंतातल्या आणि शरदातल्या प्रभुभोजनाचा पाव, प्रभूचं शरीर म्हणून सगळे एकेक घास खातात तो, भाजायचं काम तिच्याकडे असतं. सव्वीस वर्षं. कोणी विषय काढला की डोळे मिटून म्हणते, "माझ्या हातून होईल तेवढं." तरुणपणी तिचा पाव बरा असायचा. बरा म्हणजे माझ्या खालोखाल.

मी काही जादू करत नाही. बटाटे उकडलेलं पाणी कोमट झालं की त्यात यीस्ट आणि थोडा मध, मग पीठ, मीठ, डुकराची चरबी, आणि मग मळणं. पीठ कानाच्या पाळीसारखं लागेपर्यंत मळायचं. बायका निम्म्यावर दमतात आणि दोष यीस्टला देतात. माझ्याकडे सहा साचे आहेत, त्यांतला एक एकदा बग्गीच्या चाकाखाली आला होता. मी तो ठोकून सरळ केला, पण त्यात भाजलेला पाव कमरेत वाकतो तो वाकतोच. फाटकापाशी टेबल मांडून मी शुक्रवारी पाव विकते, तेव्हा तो वाकडा पावही इतरांसोबत असतो. चवीत काही फरक नसतो.

सप्टेंबरातल्या एका रविवारी ड्रुसिलाने टेबलावर पाव ठेवला, वरचं फडकं काढलं आणि म्हणाली, "यंदा हातच चालत नाहीत, कसाबसा झालाय." फडक्याखाली माझा वाकडा पाव होता.

मग मला डेबी आठवली. आमच्याखेरीज जगातले सगळे आमच्या भाषेत इंग्रज, तशी ही डेबी इंग्रज बाई, आमच्या लोकांना मोटार बाळगायची मनाई, म्हणून त्यांना तिच्या मोटारीतून डॉक्टरकडे नेते. हिवाळ्यापासून दर शुक्रवारी ती माझ्याकडून तीन पाव नेत होती. इंग्रजांना उशिरा का होईना चव कळली, असं मी समजत होते.

गप्प बसता आलं असतं. मला ते कधी जमलेलं नाही. "ड्रुसिला," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "तुझाही साचा बग्गीच्या चाकाखाली आला का गं?"

बायकांनी पावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो वाकडा पाव निम्म्या घरांनी विकत नेलेला. पलीकडच्या टोकाला एक मुलगी फिसकन हसली आणि आईने तिला चिमटा काढला. ड्रुसिलाने पावावर पुन्हा फडकं टाकलं. मी निवांत बसून लोणचं आणि बीट घेऊन दोन तुकडे खाल्ले. पाव उत्तम झाला होता.

प्रभुभोजनाच्या दोन आठवडे आधी आमच्याकडे समेटाची सभा असते. उपदेशक एकेका बाकावरून जातो आणि प्रत्येकाला विचारतो, देवाशी आणि मंडळीशी तुझा समेट आहे का. एकानेही नाही म्हटलं तर प्रभुभोजन थांबतं. आणि शरदातलं प्रभुभोजन थांबलं की त्यापुढची लग्नंही थांबतात, कारण ती त्यानंतरच जाहीर होतात. माझ्या भावाच्या मुलीचं, आयवाचं लग्न नोव्हेंबरात ठरलं होतं. ते कोणालाही माहीत नव्हतं, म्हणजे सगळ्यांनी माहीत नसल्याचं सोंग घेतलं होतं.

उपदेशक आमच्या बाकापाशी आला. आधी त्याने ड्रुसिलाला विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "माझ्या मनात एका जणीबद्दल राग आहे."

कोण ती एक, हे विचारायची कोणाला गरज पडली नाही. मग त्याने मला विचारलं. मी म्हटलं, "माझा समेट आहे." ते खरंच होतं. मी मजेत होते.

दुसऱ्या दिवशी बिशप रोमन माझ्या अंगणात येऊन उभा राहिला. भला माणूस आहे, पण कठीण काम आलं की टोपी हातात घेऊन तिच्या कडा चाचपत बसतो.

"मलिंडा, तू तिला काय बोललीस?"

"साच्याची चौकशी केली."

"बास? आणखी काही नाही?"

"आणखी काही बोलायची गरजच पडली नाही."

"तिच्याकडे जा," तो म्हणाला. "चूक कोणाची ते मी विचारत नाही. तू जा."

संध्याकाळी आयवा आली. खुर्ची ओढून बसली आणि माझ्यासमोरच्या शेंगा सोलायला लागली.

"आत्या, जाशील ना?"

"तुझ्या लग्नाचा माझ्या तोंडाशी काय संबंध?"

"आपल्या घरातल्या सगळ्याच गोष्टींचा तुझ्या तोंडाशी संबंध असतो गं आत्या."

पोरगी माझ्यावर गेली आहे. मी मंगळवारी गेले.

ड्रुसिला स्वयंपाकघरात एकटीच होती. तिने मला बस म्हटलं नाही. मी बसले.

"माफी मागायला आलेय," मी म्हटलं.

"माग."

"मागितली."

"ही अशी?"

"मग कशी? रडून दाखवू?"

तिने एप्रनखालून हात काढले आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवले. बोटं सगळी एका बाजूला कललेली, पेरं आक्रोडाएवढी सुजलेली. उजव्या हाताचा अंगठा तर आत वळून तळव्याला चिकटला होता.

"कधीपासून?"

"गेल्या हिवाळ्यापासून. दूध काढता येत नाही, सुई धरता येत नाही. सकाळी झग्याला टाचण्यासुद्धा एबनर लावून देतो."

मला दया यायला हवी होती. मला राग आला. वर्षभर ही बाई माझ्या बरगडीला लागून बसली होती आणि हात एप्रनखाली ठेवून उसासे टाकत होती.

"मग सांगायचं होतंस," मी म्हटलं. "बोटं वाकडी झाली, जीभ तर शाबूत आहे ना."

"सांगितलं तर प्रभुभोजनाचा पाव दुसरीकडे जाईल."

"जाऊ दे. कोणाकडे तरी जायचाच आहे."

"तुला बोलायला काय जातं," ड्रुसिला म्हणाली. "तू रोज पाव भाजतेस. मला मूल नाही, बाळ नाही, वर्षातून ते दोन वेळचे पाव तेवढे आहेत."

मी विषय बदलला. "वसंतातला पाव कोणी भाजला होता?"

तिने खिडकीबाहेर पाहिलं.

"म्हणजे माझाच."

"डेबीने तीन आणले होते. त्यातले मी सरळ निवडून घेतले."

मला हसू आलं, आणि ते मी लपवलं नाही. मंडळीने वसंतात प्रभूचं शरीर म्हणून जे खाल्लं ते माझ्या फाटकावरच्या टेबलावरून इंग्रज बाईच्या मोटारीत बसून आलं होतं, आणि डोळे मिटून 'माझ्या हातून होईल तेवढं' म्हणणारी ही.

"मलिंडा," ती खालच्या आवाजात म्हणाली, "या वेळी तू इथे ये. माझ्याच स्वयंपाकघरात मळून दे. मी शेजारी उभी राहीन. कोणाला कळणार नाही."

हे मागणं तिला किती जड गेलं असेल ते आज मला कळतं. तेव्हा मला एवढंच कळलं की मी बरोबर आहे, आणि बरोबर असण्याची मला फार आवड आहे.

"नाही," मी उठत म्हटलं. "आणि डेबीलाही आता माझ्याकडून पाव मिळणार नाही. एक तर तूच भाज, नाहीतर खरं काय ते सगळ्यांना सांग."

तिने हात पुन्हा एप्रनखाली घेतले. मग म्हणाली, "बरं. रोमनला निरोप दे, माझा समेट झाला."

मी ताठ मानेने घरी आले. माफीही मागून झाली होती आणि एक शब्दही मागे घ्यावा लागला नव्हता. आयवाने मला मिठी मारली. तिला वाटलं आत्या विरघळली.

आमच्यात चर्चची इमारत नसते, पाळीपाळीने घरोघरी जमायचं; या वेळी प्रभुभोजन माझ्या भावाच्या कोठारात होतं. त्या दिवशी उपासना दिवसभर चालते. दुपार कलेपर्यंत बिशप प्रवचनात प्रभूच्या दुःखसहनापाशी आला, तेव्हा एबनरने पांढऱ्या फडक्यात बांधलेले पाव आणून ठेवले. मी मान लांब केली. मला खात्री होती की ड्रुसिलाने दुकानातून काहीतरी मागवलं असणार. शेवटी तिने खरं सांगितलं असेल असंही क्षणभर वाटलं, पण ते वाटणं टिकलं नाही.

रोमनने फडकं सोडलं. आत दोन पाव होते, जेमतेम दोन बोटं उंच, राखाडी, वरून फाटलेले. त्याने सुरी लावली, ती आत गेली नाही. त्याने जोर लावला. दुसऱ्यांदा जोर लावला तेव्हा टेबल हललं. मग तो एकेकापुढे गेला. ज्याने त्याने उभं राहायचं, गुडघे किंचित वाकवून घास घ्यायचा, तोंडात घालायचा आणि बसायचं. त्याला तुकडा मोडता येईना, तो अक्षरशः ओढून काढत होता. म्हातारी सोविला, तोंडात एक दात नाही, तिने तो घास गालात धरून ठेवला आणि शांतपणे बसली. पुरुषांच्या बाजूला जबडे बराच वेळ हलत होते.

आणि कोणी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. ऐंशी माणसं. कापसासारख्या पावाला दगड म्हणणाऱ्या त्या सगळ्या बायका, आज खरोखरचा दगड दाताखाली आला तर एकीच्याही कपाळावर आठी नव्हती. मी आयुष्यभर ज्यांच्या नम्रतेची टिंगल केली ती माणसं माझ्यासमोर तो पाव चावत होती, आणि त्यांतल्या निम्म्या लोकांना, मला नंतर समजलं, त्या हातांबद्दल माहीत होतं. तिच्या एप्रनखाली काय आहे हे न बघितलेली बहुधा मी एकटीच होते, तिच्या सगळ्यांत जवळ बसणारी.

ड्रुसिला उभी राहिली, तिने तळव्यांच्या कडांमध्ये घास धरला, खाल्ला, बसली. मग मी. आतून कच्चा होता. मीठ इतकं, की डोळ्यांत पाणी आलं.

उपासनेत कधीही न बोलणारी ड्रुसिला माझ्याकडे झुकली. "कोपरांनी मळलाय," ती कुजबुजली. "चार वेळा पीठ फुकट गेलं. पाचव्यांदा झाला."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. गर्व होता, अगदी उघडा गर्व, आणि तो मी चटकन ओळखला, कारण तो माझ्याच घरचा माल आहे. मला लाज वाटली. मी एकाही गोष्टीत चुकले नव्हते. पाव माझा होता, खोटं ती बोलली होती, आणि तरी लाज मलाच वाटली.

"कसा झालाय?" तिने विचारलं.

पावाबद्दल खोटं मला बोलता येत नाही. "मीठ जास्त झालंय," मी म्हटलं.

"हो. चमचा सुटला हातातून."

घास अजून माझ्या तोंडातच होता. "वसंतात मी येते मळायला," मी म्हटलं. "तुझ्याकडेच. कोणाला सांगायला नको."

तिने मान हलवली. डोळे मिटले नव्हते, उसासा टाकला नव्हता. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच ती साधी दिसत होती.

"नको," ड्रुसिला म्हणाली. "वसंतातही मीच भाजणार आहे."

समोर रोमन पुढच्या बाकावरच्या बाईसाठी तुकडा ओढत होता. मी तोंडातला घास चावायला लागले. तो बराच वेळ गिळता आला नाही.