हिरव्या पडद्याआड

मित्रांनो, दवाखान्यात डॉक्टर रुग्णाला तपासायला घेतात तेव्हा मध्ये एक कापडी आडोसा ओढतात, तो तुम्ही पाहिला असेल. मी तसाच एक जुना पडदा आहे. हल्ली मी अडगळीच्या खोलीत, वाकलेल्या सलाईनच्या स्टँडशेजारी घडी होऊन उभा असतो.

माझा जन्म १९९१ सालचा, शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या शेडमधला. कारागिरांनी लोखंडी नळ्या वाकवून तीन चौकटी केल्या, त्या बिजागऱ्यांनी जोडल्या आणि खाली चाकं बसवली. एका शिंप्याने चुण्या घालून हिरवं कापड ताणून लावलं. मग टेम्पोत घालून मला कोल्हापुरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात पोचवलं.

दवाखाना एकाच खोलीचा होता. एका बाजूला डॉक्टर पट्टणशेट्टींचं टेबल, कोपऱ्यात तपासणीचं बाकडं आणि त्याच्यासमोर मी. दाराबाहेर व्हरांड्यात रुग्ण ओळीने बसत. परिचारिका महादेवीबाई गडहिंग्लजकडच्या. त्यांना मराठी आणि कानडी दोन्ही सारख्याच येत. झाडलोट करायला शालूबाई होत्या.

कामाची पहिली वर्षं मी फार सुखात काढली. तालमीतला एक दांडगा गडी सुई पाहून माझ्याआड लहान पोरासारखा रडला होता. जाताना डोळे पुसत महादेवीबाईंना म्हणाला, "कुणी बघितलं न्हाय न्हवं?"

"कोण बघतंय? पडदा हाय की!" त्या हसून म्हणाल्या.

डॉक्टर म्हणायचे, "या पडद्याआड माणूस मोकळा होतो." ते ऐकून मला वाटायचं, माणसांची लाज मीच राखतो. त्या कौतुकाने मी फुगून गेलो होतो.

१९९६ च्या डिसेंबरात डोलकर आली.

दर वर्षी दिवाळीनंतर तिबेटी माणसं कोल्हापुरात स्वेटर विकायला येत. लोक त्यांना सरसकट नेपाळी म्हणत. पण ती नेपाळची नव्हेत. स्वतःच्या देशात राहणं अशक्य झालं म्हणून त्यांनी भारतात आसरा घेतला होता. कर्नाटकात मुंडगोडला त्यांची वसाहत आहे. तिथे तीस वर्षं काढलेली पेमा नावाची एक म्हातारी दर हिवाळ्यात इथे दुकान मांडायची. ती कानडी छान बोलायची. तिने या वेळी नात्यातली एक मुलगी सोबत आणली होती. हीच डोलकर. वीस-बावीस वर्षांची असेल. दोन महिन्यांपूर्वी डोंगर ओलांडून, बर्फातून चालत ती आली होती.

"नेपाळीण आलीया बाई," शालूबाई आत येऊन म्हणाल्या. "पायाला लई घाण वास येतोय. मोठ्या दवाखान्यातनं परत पाठवली म्हणं."

"का परत पाठवली?"

"कागूद मागितला. हिच्याकडं कसलाच कागूद न्हाय."

तिला भारतात राहू द्यावं म्हणून अर्ज केला होता. पण कागद अजून हातात आला नव्हता. कागद नाही म्हणून केसपेपर नाही, आणि केसपेपर नाही म्हणून औषध नाही. अशा तीन ठिकाणांहून ती परत फिरली होती. डॉक्टरांनी एका पाठकोऱ्या कागदावर नुसतं नाव लिहिलं आणि मला ओढून घेतलं.

डाव्या पायाची दोन बोटं बर्फाने काळी पडली होती. जखम वर सरकत होती. डॉक्टर महादेवीबाईंना म्हणाले, "रोज पट्टी बदलायची. ओळखीच्या सर्जनना सांगून पुढच्या आठवड्यात ही दोन बोटं काढून घेऊ. मध्ये एक दिवसही खंड पडायला नको. पडला तर पाय जाईल."

पण दुखणं पायापुरतं नव्हतं. व्हरांड्यात बुटांचा आवाज झाला की ती बाकड्यावर अंग चोरून घ्यायची. पेमा सांगायची, ही झोपत नाही, स्वेटरच्या गठ्ठ्याला पाठ लावून बसून राहते. डॉक्टरांनी मिरजेच्या आपल्या एका मित्राला फोन केला. ते मनाच्या आजारांचे डॉक्टर होते. गुरुवारी येतो म्हणाले.

"म्हंजे येड्याचा डॉक्टर?" शालूबाईंनी विचारलं. "पोरगी तर चांगली शहाणी दिसतीया!"

"तुझी कंबर धरली तर तू डॉक्टरकडं जातीस न्हवं?" महादेवीबाई म्हणाल्या. "हिचं काळीज धरलंय. गप झाडू मार."

मित्रांनो, पाच दिवस ती माझ्याआड आली. पट्टी बदलताना डोलकर एखादा शब्द पुटपुटायची, पेमा तो कानडीत सांगायची, आणि महादेवीबाई डॉक्टरांना मराठीत. तीन भाषांतून एक दुखणं उतरत यायचं. चौथ्या दिवशी पेमा म्हणाली, "आक्का, काल रात्री ही झोपली." जखमही कडेने भरून येऊ लागली होती.

पाचवा दिवस बुधवार होता. त्या दिवशी डोलकर आपण होऊन बोलू लागली. आधी हळू, मग थांबेचना. तिकडच्या तुरुंगातलं होतं आणि वाटेत मागे राहिलेल्या कुणाचं तरी होतं. पेमा डोळे पुसत एकेक वाक्य कानडीत करत होती. डोलकरला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून डॉक्टर टेबलापाशी पाठ करून बसले होते. त्यांनी तिथूनच विचारलं, "महादेवीबाई, काय म्हणते ती?"

आणि महादेवीबाईंनी सांगितलं.

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांच्या गावी नदीच्या या काठावरून त्या काठाला हाक मारतात. हळू बोलणाऱ्याच्या मनात काळंबेरं असतं, असंच तिथे मानतात. पोटात माया दाटली की त्यांचा आवाज आणखी चढायचा. तुरुंगात तिला कसं मारलं, कुठे मारलं, बर्फात कोण राहिलं, सगळं त्यांनी रडत रडत, खणखणीत मराठीत डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरही ऐकण्यात इतके बुडाले की त्यांना थांबवायचं सुचलं नाही.

व्हरांड्यात चौदा माणसं बसली होती. मी होतो लोखंड आणि कापड. नजर अडवली, शब्द एकही अडवता आला नाही.

डोलकर लंगडत बाहेर आली तेव्हा सगळे उठून उभे राहिले. एका म्हातारीने तिच्या ओटीत केळी घातली. शालूबाईंनी तिच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "आगं माझे बाई! कसलं गं हाल केलं तुझं त्या मेल्यांनी!" भाषा कळत नसली तरी चेहरे कळतात. यांना सगळं ठाऊक झालंय, हे तिच्या ध्यानात आलं. तिने वळून पाहिलं. महादेवीबाईंकडे नाही, डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडे.

त्या चौदा जणांत कृष्णात होता. फौंड्रीत भाजलेल्या अंगठ्याच्या पट्टीसाठी यायचा. दिलदार माणूस. गुरुवारी सकाळी तो रांग मोडून आत आला आणि डॉक्टरांपुढे उभा राहिला.

"काय रे?"

"डॉक्टर, माझ्या हातनं लई वंगाळ झालं."

"काय झालं?"

"म्हटलं, पोरीचा कागूद तरी करून देऊया. माझा मेव्हणा पोलिसात हाय. काल सांच्याला ड्युटीवरनं तसाच घिऊन गेलतो तिच्या दुकानावर. भडंगाचा पुडा नेलता. 'पावणं, घाबरू नगासा' म्हणतोय तवर…"

"युनिफॉर्मवर नेलास त्याला?" डॉक्टरांनी विचारलं.

"ध्यानातच आलं न्हाय वो. तिनं खाकी बघितली आन् पळाली. तसल्या पायानं पळाली, डॉक्टर! रस्त्याभर रगात."

कृष्णात सांगत होता, पेमाला ती एसटी स्टँडवर, एका उभ्या गाडीखाली सापडली होती. काही केल्या ती दवाखान्यात यायला तयार झाली नाही. कोल्हापुरातही थांबायला तयार झाली नाही. दुकान तसंच शेजाऱ्यावर टाकून म्हातारी तिला घेऊन मुंडगोडला जायला हुबळीच्या गाडीत बसली.

दुपारी मिरजेचे डॉक्टर आले. माझ्याआड स्टुलावर दोन तास बसले. कुणीतरी तिला परत आणेल, असं सगळ्यांनाच वाटत होतं. कुणी आणलं नाही. डॉक्टर पट्टणशेट्टींनी मुंडगोडच्या पत्त्यावर दोन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात पेमा एकटीच आली. महादेवीबाईंनी तिला आत बोलावून चहा दिला आणि विचारलं, "पाय?"

पेमाने स्वतःच्या घोट्याच्या वर हात आडवा धरून दाखवला. तिथून कापावा लागला होता.

"आणि झोप? कुणा डॉक्टरशी बोलती का?"

"नाही आक्का," पेमा कानडीत म्हणाली. "तिथे चांगले डॉक्टर आले होते. आमच्याच भाषेतले. ती भिंतीकडे तोंड करून बसते. कुणालाच काही सांगत नाही."

महादेवीबाई त्या दिवसापासून हलक्या आवाजात बोलायला शिकल्या. रुग्णाच्या कानाशी तोंड नेत. डॉक्टरांनी आपली खुर्ची पडद्याच्या आत आणली. नंतर किती जणांचं भलं झालं! पण जिच्यामुळे ही दोघं शिकली, तिचं झालं नाही. २००६ साली प्लायवूडच्या भिंती आल्या आणि मला या खोलीत ठेवलं. त्याचं मला वाईट वाटलं नाही.

मित्रांनो, तुमच्या गावात, तुमच्या वर्गात कधी असं कुणी दुरून येईल. त्याला जेवू घाला, औषध द्या, शेजारी बसा. विचारायची घाई करू नका. त्याने आपण होऊन काही सांगितलं, तर ते पोटात ठेवा. कळवळ्यानेसुद्धा चारचौघांत उघडं करू नका. एकदा उघडं पडलेलं माणूस पुन्हा बोलेलच असं नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. डोलकर हे तिचं नाव नव्हे. ते मी तुमच्यासाठी ठेवलेलं नाव आहे. तिचं खरं नाव मला माहीत आहे. ते मी सांगणार नाही.