डॉक्टर हेरनचा जिवंत मोजो

शनिवारी कालवांच्या टोपल्या तशाच टाकून अख्खं बेट धक्क्यावर, होडीने ताईत विकायला आलेल्या डॉक्टर हेरनभोवती लोटलं होतं. या बाबाने लाल फ्लॅनेलची एवढीशी पिशवी हेगरमावशीच्या तळहातावर ठेवली, आणि पिशवी टुणकन हलली!

"जिवंत मोजो आहे, मावशी! रोज व्हिस्कीचा थेंब पाजा. पण उघडलात, की मेलाच म्हणून समजा. हातचं सगळं जाईल!"

मोजो हा शब्द आपले पणजे समुद्रापलीकडून घेऊन आले, असं बेटावर सांगतात. त्यांच्या लेखी तो मंत्र होता. पुढे मंत्राच्या पिशवीला मोजो म्हणू लागले. आता तर ज्याच्या बोलण्याला माणसं भुलतात, त्याच्या अंगात मोजो आहे म्हणतात.

या थोतांडाची सगळ्यात मोठ्याने टर उडवायचा तो जाळी विणणारा रेन्टी सिंगलटन. आणि याच दीडशहाण्याच्या काखेत कित्येक आठवड्यांपासून, डॉक्टरकडूनच गुपचूप घेतलेला एक मोजो बांधलेला होता. करणार काय? शाळेतल्या बायनाबाई समोर आल्या, की त्याची बोबडी वळायची. मोजो बांधल्यापासून मात्र गडी दर रविवारी त्यांच्याशी गप्पा छाटत होता. आज त्याला लग्नाचं विचारायचं होतं. त्यांना गर्दीतून बाजूला घेऊन त्याने छाती पुढे काढली.

"बायनाबाई, तुमची हरकत नसेल तर आपण... हीहीही!" काखेत नेमकी तेव्हाच वळवळ झाली.

"लग्नाचं विचारतोयस की गुदगुल्या होतायत?"

"दोन्ही," रेन्टी म्हणाला आणि शरमेने त्याने पिशवीचं सगळं सांगून टाकलं.

"उघड ती पिशवी."

"उघडली तर तुम्ही नाही म्हणाल!"

"नाही उघडलीस तर नक्की नाही म्हणेन. मला नवरा हवाय, पिशवी नको."

आपण आपलंच नशीब कापतोय, अशा खात्रीने रेन्टीने पिशवीला चाकू लावला. "सर्वनाश!" डॉक्टर ओरडला. सगळे धावत आले. आतून निघाली चिमूटभर मुळं आणि एक तपकिरी बी. बायनाबाईंनी ते उन्हात तापलेल्या पत्र्यावर ठेवलं. कुणाचा हात न लागता बी उडू लागलं. सावलीत नेलं, तर थोड्या वेळाने गप्प झालं. मग त्यांनी ते चिरलं. आत गुबगुबीत अळी होती.

"ऊब लागली की ही वळवळते. हाताची लागो, नाहीतर काखेची."

"म्हणजे मी घरातली व्हिस्की अळीला पाजणार होते?" हेगरमावशी कडाडली. डॉक्टरला अचानक होडीची घाई झाली.

"पण मग इतके रविवार बोललं कोण?" रेन्टीने विचारलं.

"तूच. अळी कुठे बोलते?" बायनाबाई गर्दीकडे वळल्या. "जे 'उघडू नका' म्हणून कुणी बजावतं ना, ते आधी उघडून बघा. विचारल्याने खरं असलेलं काही मरत नाही."

रेन्टीने पुन्हा तोंड उघडलं. सगळा धक्का बघत होता.

"मी... तुम्ही... म्हणजे, लग्न?"

"हो," बायनाबाई म्हणाल्या. "आता बोललास नीट."