सगळ्यात बाहेरचा फोल्डर

प्रणिताची नोकरी त्या दुपारी एका बटाट्यावर अडकली होती. हसू नका, खरंच! कोरमंगलातल्या तिच्या छोट्याशा कंपनीनं फोटोवरून बटाटा सडका की चांगला ते सांगणारा प्रोग्राम केला होता, आणि यशवंतपूरचे ठोक व्यापारी देवाप्पा तो बघायला स्वतः आले होते. मालक मुकुल पुण्याचा, जिभेवर साखर. सकाळीच म्हणाला होता, "प्रणिता, आजचा डेमो झाला की तू पर्मनंट. नाही झाला तर, वेल, बघू." ते 'बघू' म्हणजे काय, हे निपाणीहून आलेल्या पोरीलाही कळतं.

प्रोग्राम मुळात रघुपतीचा. धारवाडकडचा माणूस, हिला धाकट्या बहिणीसारखं शिकवलेलं. पण नवी मुलगी स्वस्तात पडते म्हटल्यावर मुकुलनं गेल्या शुक्रवारी त्याला नारळ दिला आणि त्याची खुर्ची हिला दिली.

आज ती पहिल्यांदाच एकटी प्रोग्राम चालवत होती. रघुपतीनं कामं सबफोल्डरांत वाटून ठेवली होती. एकात फोटो वाचणारी फाइल, दुसऱ्यात बटाटा तपासणारी. कॉलेजातल्या सवयीनं ती थेट फाइलीच्या फोल्डरात शिरली आणि तिथूनच ती चालवली. झालं! मॉड्यूल, म्हणजे जोडीची फाइल, सापडत नाही, म्हणे. अगं बाई, शेजारच्याच फोल्डरात तर बसलंय! तिनं फाइलीत त्याचा पत्ता बदलला, तशी दुसरी फाइल अडून बसली. तिचा बदलला, तर तिसरी. एक सांधावं तर तेरा तुटतात, तसं चाललं होतं. काचेपलीकडे मुकुल देवाप्पांना कॉफीवर कॉफी पाजत होता आणि मधूनच हिच्याकडे डोळे वटारत होता.

रघुअण्णाला फोन केला असता तर तेव्हाच सुटलं असतं. पण कुठल्या तोंडानं करायचा? ज्याच्या ताटातलं ओढून घेतलं, त्यालाच विचारायचं, खाऊ कसं? शरमेनं तिचा हात फोनपर्यंत जाईना. शेवटी देवाप्पा घड्याळ बघायला लागले, तेव्हा तिनं डोळे मिटून फोन लावला आणि आजचा डेमो, पर्मनंटची अट, न सापडणारं मॉड्यूल, सगळं एका दमात सांगितलं.

"स्वल्प थांब," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच तिला जास्त लागलं. "तू आत शिरून चालवतेयस ना? आतून चालवलं तर बिचाऱ्याला शेजारी कोण आहे ते दिसत नाही. तू बदललंस ते सगळं आधीसारखं कर. मग सगळ्यात बाहेरच्या फोल्डरात ये आणि तिथून चालव. चूक माझीच, कुठं लिहून ठेवलं नाही. सरी? कळलं ना?"

तिनं तसं केलं. बटाट्याचा फोटो आला आणि खाली अक्षरं उमटली: सडका. प्रोग्राम बिघडलेला नव्हताच. काखेत कळसा आणि गावाला वळसा! प्रणिता लॅपटॉप उचलून धावत काचेच्या खोलीत गेली.

खोलीत नुसते कप होते. मुकुल लिफ्टकडून परत येत होता.

"गेले ते. त्यांचा माल उतरायची वेळ झाली," तो म्हणाला. "परत येणार नाहीत, स्पष्ट सांगून गेले."

"सर, आता चाललंय, बघा ना!"

त्यानं बघितलंसुद्धा नाही. "लॅपटॉप रिसेप्शनला ठेव, प्रणिता. उद्यापासून येऊ नकोस."

तिला रडायचं होतं, पण तेवढ्यात फोन वाजला. रघुपतीच होता.

"चाललं का गं?"

"चाललं, अण्णा."

"वा! मला काळजी लागली होती. चला, तुझं तरी बस्तान बसलं." तो जरा घुटमळला. "एक विचारू? राग मानू नको. तू आता पक्की झालीस. तुमच्याकडे एखादी जागा निघाली, अगदी खालचीसुद्धा, तर मुकुलकडे माझं नाव टाकशील?"

प्रणितानं जागेवर येऊन लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून उपटला आणि वायर गुंडाळायला घेतली.

"टाकते, अण्णा," ती म्हणाली.