रंगाचा वास

सुनेने माझ्या खोलीला पीच रंग द्यायचं ठरवलं, तेव्हा मी बावळटासारखी खूश झाले. पीच म्हणजे काय, हे भिंतीवर चढल्यावर कळलं. गाजरं उकडल्यावर जे पाणी उरतं ना, तसला काहीतरी प्रकार. पण मुलगा भिंतीपुढे उभा राहून म्हणाला, "बघ आई, किती शांत वाटतं!" स्वतःच्या लग्नातही त्याला इतकं भरून आलेलं मी पाहिलं नव्हतं.

मग जुळवाजुळव सुरू झाली. पडदे पीच, उशा पीच, दिव्याची टोपीसुद्धा पीच. माझं हिरवं लोखंडी कपाट रंगाला मारतं म्हणून गॅलरीत गेलं. औषधांच्या बाटल्या स्वयंपाकघरात गेल्या. ह्यांच्या फोटोची काळी चौकट फार जड दिसते, म्हणून हे दारामागे गेले. जिवंतपणीही हे कधी कुणाच्या मधे आले नाहीत, तेव्हा आता काय बोलणार! खोलीत रंगाशी न जुळणारी एकच वस्तू उरली. ती मी.

"आई, चार दिवस हॉलमध्ये झोपा," सून अगदी मायेने म्हणाली. "रंगाचा वास बाधेल तुम्हाला. वास गेला की लगेच आपल्या खोलीत."

चार दिवस कधीच उलटून गेले. मी रोज विचारायची आणि मुलगा रोज दारातून नाक आत घालून गंभीरपणे हुंगायचा. "आहे गं अजून थोडा." मला तर काडीचा वास येत नव्हता. वाटलं, डोळे गेले, गुडघे गेले, आता नाकाचाही नंबर लागला. कंबर मात्र अजून जागेवर आहे, हे सोफा रोज सकाळी ठणकावून सांगायचा.

रविवारी सुनेची बहीण राहायला आली. सून तिला थेट माझ्या खोलीत घेऊन गेली. मी बाहेर चहा पीत होते, दार उघडंच होतं.

"ही आमची गेस्टरूम," सून सांगत होती. "आणि रंग साधासुधा नाही हं. वास अजिबात येत नाही. सकाळी लावला, संध्याकाळी खुशाल त्याच खोलीत झोपायचं."

मला आधी हसू आलं. मग संताप आला. माझं नाक धडधाकट होतं आणि या दोघांनी मला वेड्यात काढलं होतं.

कप ठेवला, सोफ्यावरची उशी काखेत मारली आणि खोलीत गेले. बहिणीची बॅग उचलून सुनेच्या हातात दिली.

"हिला हॉलमध्ये झोपव हं. इथे वास आहे. बाधेल बिचारीला."

दोघी तोंडाचा आ करून बाहेर पडल्या. मी आतून कडी घातली, दारामागून ह्यांना काढलं आणि पीच उशीवर बसवलं.

थोड्या वेळाने मुलाने दार बडवलं. "आई, पाहुण्यांसमोर काय हे? किती वेळ आत बसणार आहेस?"

"वास जाईपर्यंत."

"अगं, या रंगाला वास नाहीच आहे!"

"रंगाचा नाही रे," मी म्हटलं. "या घरातला माझा."

मी पाय पसरले आणि तेल लावलेलं डोकं निवांत भिंतीला टेकवलं.